निसर्गचित्र आणि मंजुरीचा शेरा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, पावसाळा सरत आलेला आणि खालच्या दरीतले ढग अद्याप पुरते हललेले नसताना, सूर्य मावळण्यापूर्वीचा जो घटकाभराचा अवधी मिळतो, त्या अवधीत मी एकदा चौदा छायाचित्रे टिपली. त्यासाठी पाचनईच्या वाटेने गड चढलो, ट्रायपॉडचे ओझे वाहिले, एक रात्र गुहेत पिसवांच्या सहवासात काढली, आणि घरी परतल्यावर ती सर्व चित्रे मोठ्या अभिमानाने एका परदेशी चित्रपेढीकडे विक्रीसाठी रवाना केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. चौदाच्या चौदा नामंजूर. शेरा एका ओळीचा होता : सेन्सरवरील धूळ, आणि परस्परसदृश चित्रे. अशा प्रकाशात ज्याला धूळ दिसते त्याच्या रसिकतेविषयी जे काही बोलता येईल ते सर्व बोलून झाल्यावर मी चित्रे पुतण्याला दाखवली. कड्याच्या डाव्या अंगाला, आकाशात उंचावर, एक घार तरंगत होती. त्या घारीचा मला विशेष अभिमान होता. पुतण्या थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘काका, ही घार चौदाही फोटोंत एकाच जागी कशी काय?’’

त्या दिवसापासून या विषयाकडे मी तक्रारदाराच्या नजरेऐवजी चौकशी करणाऱ्याच्या नजरेने पाहू लागलो. निसर्गाची छायाचित्रे काढणारा मनुष्य आपल्याकडे आता गावोगाव आहे. कास पठारावर फुलांच्या दिवसांत पायाखाली फूल येणार नाही इतकी जागा मिळणे कठीण, आणि चौकटीत दुसऱ्याचा ट्रायपॉड येणार नाही इतकी जागा मिळणे त्याहून कठीण. या मंडळींपैकी पुष्कळांना आपली चित्रे ‘स्टॉक’वर टाकावीत, म्हणजे जी पेढी चित्रे साठवून ठेवते आणि गिऱ्हाइकाला वापराचा परवाना विकते तिच्याकडे ती सोपवावीत, असे केव्हा ना केव्हा वाटतेच, आणि पहिल्या नामंजुरीबरोबर आपल्या कलेचा अवमान झाला, असेही त्यांतील बहुतेकांना वाटते. या समजुतीत मूळचाच एक घोटाळा आहे. चित्रपेढीचा तपासनीस चित्राच्या सौंदर्यावर निकाल देत नाही. हे चित्र तिसऱ्याच कोणाला, चौथ्याच कोणत्या कामासाठी, बिनतक्रार वापरता येईल काय, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. आणि निसर्गचित्राच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रकाराच्या अपेक्षेहून फारच वेगळ्या दिशेने येते.

हा व्यवहार नवा नाही. हिटलरच्या राजवटीतून निसटून ओटो बेटमान हे गृहस्थ १९३५ साली चित्रांनी भरलेल्या दोन पेट्या घेऊन न्यूयॉर्कला उतरले, आणि त्या पेट्यांतून पुढे बेटमान संग्रह म्हणून प्रसिद्ध पावलेले दफ्तर उभे राहिले. १९९५ साली ते बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीने विकत घेतले आणि त्यातल्या काचा व फिल्म जपण्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत शीतगृह बांधले. त्याच १९९५ साली मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी गेटी इमेजेसचा पाया घातला. या पिढीतल्या पेढ्या माणसाची पारख करीत : छायाचित्रकाराचे नाव, त्याचे पूर्वीचे काम, त्याची शिफारस पाहून त्याला पदरी घेत, आणि एकदा घेतल्यावर त्याच्या पारदर्शिकांच्या पेटीकडे विश्वासाने पाहत. इंटरनेटने ही वहिवाट मोडली. कॅनडातल्या कॅलगरी शहरी ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी २००० साली आयस्टॉकफोटो सुरू केले. २००३ साली जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे ३० हजार छायाचित्रांच्या भांडवलावर शटरस्टॉक काढले. आयस्टॉक २००६ साली ५ कोटी डॉलरांना गेटीकडे गेले आणि फोटोलिया ही तिसरी पेढी २०१४ च्या अखेरीस ठरलेल्या सौद्यात ८० कोटी डॉलरांना अडोबीकडे जाऊन तिचेच अडोबी स्टॉक झाले. आता दार कोणालाही उघडे होते. सबब माणसाची पारख संपली आणि एकेका फाइलीची तपासणी सुरू झाली. कोकणकड्यावर आपण काय सोसले याची नोंद फाइलीत नसते.

तपासणीचा जाबता पूर्वी कडक होता. शटरस्टॉककडे नव्या अर्जदाराने दहा चित्रे पाठवावीत आणि त्यांतली सात उतरली तरच त्याला दाखल करून घ्यावे, असा नियम कित्येक वर्षे होता. सहावर अडकलेल्या अर्जदारांच्या व्यथांनी एक स्वतंत्र वाङ्मय भरले असते. पुढे ही अट एकदम सैल झाली आणि दहांत एक उतरले तरी भागू लागले. इंग्लंडमधली अलामी ही पेढी मात्र आपल्या खाक्याला धरून राहिली : तिथे पाठवलेल्या गठ्ठ्यातले एक चित्र तांत्रिक कसोटीला नापास झाले की रांगेत उभा असलेला सगळा गठ्ठा परत येतो, आणि या एका नियमाने छायाचित्रकारांना जी शिस्त लावली ती दहा पुस्तकांनी लावली नसती. आकाराची अट क्षुल्लक आहे. शटरस्टॉक व अडोबी दोघांनाही किमान ४ मेगापिक्सेल पुरतात, म्हणजे खिशातल्या फोनलाही ती अवघड नाही. अडतात माणसे ती दुसरीकडेच.

छायाचित्रकार आपले चित्र पडद्यावर मावेल एवढे करून पाहतो. तपासनीस ते शंभर टक्के आकारात, म्हणजे चित्रातला एक बिंदू पडद्यावरच्या एका बिंदूला भिडवून पाहतो. हा फरक एवढा मोठा आहे की दोघे दोन निराळ्या वस्तू पाहत असतात असे म्हटले तरी चालेल. निसर्गचित्र काढणाराला पायाजवळच्या गवतापासून क्षितिजावरच्या सुळक्यापर्यंत सगळे स्पष्ट हवे असते, म्हणून तो अ‍ॅपर्चर लहान करतो, एफ-१६, एफ-२२ पर्यंत जातो. आणि नेमक्या त्याच लहान छिद्रातून येणारा प्रकाश सेन्सरवरच्या धुळीच्या कणाची छाया ठसठशीत करून सोडतो. अ‍ॅपर्चर मोठे असताना तोच कण विरघळल्यागत अदृश्य राहतो. झाडीत, खडकात तो लपतो. निळ्या आकाशात, धुक्यात, शांत पाण्यात तो उघडा पडतो, म्हणजे निसर्गचित्रकाराला प्रिय असलेल्या सर्व ठिकाणी. माझी घार ही अशीच लेन्स बदलताना कड्यावरच्या वाऱ्याने आणून बसवलेली. शिवाय छिद्र फार लहान केले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ पडते, आणि ज्या स्पष्टतेसाठी खटाटोप केला तीच हातची जाते. बहुतेक कॅमेऱ्यांना एफ-८ ते एफ-११ हा मधला पट्टा मानवतो.

यापुढचे दोष त्याच जातीचे आहेत. संध्याकाळी उजेड कमी म्हणून आयएसओ चढवला की सावल्यांत रंगीत रवा उमटतो, ज्याला आपण नॉइज म्हणतो. काळा पडलेला कातळ एडिटिंगमध्ये उजळायला गेले की तो रवा दुप्पट होतो. कड्याच्या कडेला, जिथे काळा खडक आणि पांढरे आकाश भेटतात, तिथे जांभळी-हिरवी किनार दिसते. समुद्राचे क्षितिज एका अंशाने कलते. मालवणच्या किनाऱ्यावरून घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या चित्रात हे कलणे काढणाराला दिसत नाही, कारण त्याचे डोळे किल्ल्यावर असतात, आणि तपासनिसाला त्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. या सर्वांवर उपाय आहेत व ते कंटाळवाणे आहेत : ट्रायपॉड, कमी आयएसओ, रॉ फाइल, सेन्सरची सफाई, आणि पाठवण्यापूर्वी चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, शेतकरी पिकात तण शोधतो तसे, ओळीओळीने केलेले निरीक्षण. एका चित्राला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे ज्याला जड वाटतात त्याने हा धंदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगांच्या अतिरेकाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण तो दोष नजरचुकीने होत नाही, हौसेने होतो. सह्याद्रीचा पावसाळी हिरवा रंग मुळातच असा आहे की परक्या माणसाला तो खोटा वाटावा. त्यावर आपली मंडळी सॅच्युरेशनचा आणखी एक हात फिरवतात, तेव्हा भाताची खाचरे बिलियर्डच्या टेबलासारखी दिसू लागतात. तीन निरनिराळ्या उजेडांत घेतलेली चित्रे एकत्र करून डोंगराभोवती पांढऱ्या प्रभेचे वलय आणणे, हा आणखी एक प्रकार. २०२० साली फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची सोय आली, तेव्हापासून तर एकच ढग राजगडावरही दिसतो आणि आल्प्सवरही. पेढ्या अशा बदलाला सरसकट हरकत घेत नाहीत. वृत्तोपयोगी चित्र सोडले तर डाग पुसणे, तार काढणे, एवढेच काय आकाश बदलणेही चालते. हरकत असते ती जोड दिसण्याला. पण ढगांची सावली एकीकडे आणि सूर्य दुसरीकडे, अशी चूक तपासनिसाच्या आधी गुराख्यालाही कळते.

तांत्रिक कसोटीतून पार पडलेले चित्र ज्या दुसऱ्या शेऱ्याने परत येते तो शेरा अधिक झोंबतो : व्यापारी उपयुक्तता अल्प. येथे मला एका टेकडीची हकीकत सांगणे भाग आहे. १९९६ च्या जानेवारीत नॅशनल जिऑग्राफिकसाठी अनेक वर्षे काम केलेले छायाचित्रकार चार्ल्स ओरिअर हे कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यातून आपल्या मैत्रिणीला भेटण्यासाठी मोटारीने चालले असता, नुकत्याच होऊन गेलेल्या पावसाने हिरवी झालेली एक टेकडी त्यांना दिसली. त्या टेकडीवर एरव्ही द्राक्षांचे मांडव असत. परंतु फायलॉक्सेरा या किडीने वेली गेल्या होत्या, त्या उपटून काढल्या होत्या, आणि मोकळ्या जमिनीवर गवत माजले होते. ओरिअर यांनी गाडी थांबवली, मामिया कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, त्यात फुजीची वेल्व्हिया फिल्म होती, चित्रे घेतली आणि पुढे गेले. ते चित्र त्यांनी वेस्टलाइट नावाच्या पेढीत ठेवले. ती पेढी १९९८ साली कॉर्बिसने घेतली. आणि तेथून मायक्रोसॉफ्टने ते सर्व हक्कांसह विकत घेऊन २००१ साली विंडोज एक्सपीच्या पहिल्या पडद्यावर लावले. ‘ब्लिस’ हे त्याचे नाव. तहसील कचेरीपासून सायबर कॅफेपर्यंत आपल्याकडच्या प्रत्येक संगणकावर ती हिरवी टेकडी आणि ते पांढरे ढग आपण इतकी वर्षे पाहिले आहेत की ते छायाचित्र आहे याचाच पुष्कळांना विसर पडला होता.

आता या चित्रात काय आहे ते पाहावे. मनुष्य नाही, घर नाही, झाड नाही, ठिकाणाची ओळख पटवील असे एकही चिन्ह नाही. खालचा अर्धा हिरवा, वरचा अर्धा निळा. ज्यांना त्यावर आपली चिन्हे मांडायची होती त्यांना याहून सोयीची पाटी मिळणे शक्य नव्हते. ओरिअर यांनी ते व्यापारासाठी आखून काढले नव्हते. किडीने मांडव खाल्ले म्हणून टेकडी रिकामी झाली आणि रिकामी झाली म्हणून ती उपयोगी पडली. आज हेच चित्र एखाद्या अपरिचित अर्जदाराने पाठवले तर ‘अशी चित्रे संग्रहात पुष्कळ आहेत’ या शेऱ्यासह ते परत जाईल, अशी माझी अटकळ आहे. आणि तो शेराही खरा असेल, कारण ब्लिसनंतरच्या वर्षांत जगातल्या अर्ध्याअधिक छायाचित्रकारांनी हिरव्या टेकड्या शोधल्या.

तेव्हा निसर्गचित्राची उपयुक्तता म्हणजे बहुतांशी त्यातली मोकळी जागा. आपण डोंगर पाहतो, जाहिरात करणारा डोंगराशेजारचे आकाश पाहतो, कारण त्याला तिथे अक्षरे बसवायची असतात. याच्या जोडीला माणसाची एखादी खूण असली तर उत्तम : घाटातल्या ओल्या रस्त्याचे वळण, पाठमोरा पांथस्थ, चिखलात भात लावणाऱ्या बायांची रांग. पण या बायांचे चेहरे ओळखू येत असतील तर त्यांच्या लेखी संमतीवाचून, म्हणजे मॉडेल रिलीजवाचून, चित्र व्यापारी वापरासाठी घेतले जात नाही. आणि गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईपुढे इंग्रजी दस्तऐवज धरून ‘मावशी, इथे सही करा’ म्हणणे हे मला अद्याप साधलेले नाही. पाठमोऱ्या बायांवर मी समाधान मानतो.

डोंगराला मालक नसतो, असे आपण समजतो. कायद्याच्या व परवानगीच्या बाबतीत ही समजूत महाग पडते. आयफेल मनोरा १८८९ सालचा, त्याच्या आकृतीवरचा हक्क केव्हाच संपला. परंतु रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते, म्हणून दिवसाचे चित्र चालते आणि रात्रीचे अडते. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड तांबडा खडक तेथील अनांगू लोकांचे पवित्र स्थान आहे. व्यापारासाठी छायाचित्रे घ्यायची तर परवाना लागतो, आणि खडकाच्या काही भागांचे चित्रण करूच नये अशी सूचना आहे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने इमारतीचे छायाचित्र काढण्यास व प्रसिद्ध करण्यास मोकळीक ठेवली आहे. तथापि मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची प्रतिमा २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदली गेली, असे करणारी देशातली ती पहिलीच इमारत. तेव्हा अपोलो बंदराच्या समुद्रावरून सूर्योदयाचे चित्र घेणाराने तो घुमट व्यापारी वर्गात पाठवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जिथे संमतीपत्र मिळत नाही तिथे ‘एडिटोरियल’ हा राजमार्ग आहे : चित्र फक्त वृत्त, लेख, पाठ्यपुस्तक यांसाठी विकले जाते, मथळ्यात गाव, देश व तारीख द्यावी लागते, आणि चित्रात फेरफार केलेला चालत नाही. गडकिल्ल्यांच्या चित्रांसाठी मला हाच वर्ग मानवतो. रायगड, राजगड, साल्हेर यांच्यासह बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाल्यानंतर असल्या चित्रांना मागणी कुठून येईल हे वेगळे सांगायला नको.

मंजुरीनंतरचा प्रश्न शोधाचा. कोट्यवधी चित्रांच्या कोठारात गिऱ्हाईक शब्दांनी शोधतो, आणि ते शब्द अर्जदारानेच लिहायचे असतात; शटरस्टॉकला ते ७ ते ५० लागतात, अडोबीला ४९ पर्यंत चालतात आणि तेथे पहिल्या दहांना वजन अधिक. मराठी माणसाची येथे विलक्षण पंचाईत होते. हरिश्चंद्रगड रोमन लिपीत शेवटी ‘ड’च्या अक्षराने लिहावा की उत्तर हिंदुस्थानी थाटात ‘ढ’च्या? लोणावळ्याची किती रूपे द्यावीत? मी सगळी देतो. कड्यावरून ढगांत दिसणारे वर्तुळाकार इंद्रवज्र आपल्या गिरिभ्रमणवाल्यांच्या तोंडी आहे, पण हॅम्बुर्गमधला चित्रसंपादक ते ‘ग्लोरी’ किंवा ‘ब्रॉकन स्पेक्टर’ म्हणून शोधणार. आणि सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीला तिचे वनस्पतिशास्त्रीय नाव न जोडता पाठवले तर ते चित्र ‘जांभळी फुले’ या महासागरात बुडाले म्हणून समजावे. अचूक स्थलनाम, अचूक वनस्पतिनाम, ऋतू : या तीन गोष्टी स्थानिक माणसाला फुकट येतात आणि विमानाने आलेल्या पाहुण्याला विकतही मिळत नाहीत. याउलट न दिसणाऱ्या गोष्टी शब्दांत घुसडणे, डोंगराच्या चित्राला ‘यश’ आणि ‘नेतृत्व’ चिकटवणे, हा भोंगळपणा आहे, आणि तोही नामंजुरीस पात्र ठरतो.

मोबदल्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. अडोबी चित्राच्या विक्रीतले ३३ टक्के देते. शटरस्टॉकने २०२० च्या जूनपासून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या केल्या, वर्षातल्या विक्रीवर पायरी ठरते, आणि १ जानेवारीला प्रत्येक जण पुन्हा तळाच्या पायरीवर येतो, महसुली वर्ष संपावे तसा. एका विक्रीचे १० सेंट मिळणे हा तेथे नित्याचा अनुभव आहे. त्यात २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली चित्रे आली. गेटीने त्या वर्षी ती घेण्यास नकार दिला, अडोबीने तशी स्पष्ट खूण करण्याच्या अटीवर दार उघडले. निसर्गचित्राला याची झळ सर्वांत आधी लागली, कारण निनावी टेकडी आणि निनावी ढग रचण्यास यंत्राला कोकणकड्यावर चढावे लागत नाही. ज्या चित्राला ठिकाण आहे, तारीख आहे, ज्याच्या मथळ्याची शहानिशा करता येते, ते चित्र मात्र अजून माणसालाच जाऊन काढावे लागते; वीस वर्षे ब्लिसच्या मागे धावलेल्या मंडळींना आता आपापल्या तालुक्याकडे परतावे लागेल असे दिसते.

माझ्या चौदांपैकी एक चित्र मी निवडले, घारीसह तीन डाग पुसले, आकाशाचा रंग खाली आणला आणि पुन्हा पाठवले. दुसऱ्या दिवशी ते मंजूर झाले. त्याला आता दोन वर्षे झाली. ते अद्याप कोणी घेतलेले नाही. त्या सफरीतले जे चित्र विकले जाते, आजवर अकरा वेळा विकले गेले, ते मी पाचनईत परतीच्या जीपची वाट पाहत बसलो असताना वेळ जावा म्हणून काढले होते : खाली भाताचे खाचर, वर निम्म्याहून अधिक सपाट करडे आकाश, बाकी काही नाही. आकाशात उजव्या कडेला एक बारीक ठिपका आहे. पाठवण्यापूर्वी पुतण्या तो पुसायला निघाला होता. मी आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा ठिपका जागा सोडून सरकलेला दिसला, आणि घार राहू दिली.